चालून दाखव

लिंबाजी धनगराला गर्व होता, पण तो मेंढरांचा नव्हे. मेंढरं काय, आज आहेत, उद्या नाहीत. सत्त्याऐंशी सालच्या दुष्काळानं त्याची साठातली बावन्न खाल्ली आणि उरलेली आठ त्यानं नळदुर्गच्या बाजारात मातीमोल देऊन टाकली. गर्व होता लेकीच्या चालण्याचा. सत्तावीस वर्षांची हरणा अंगणातून चालत आली, की सुतारानं आपण केलेल्या चाकाकडं बघावं तसा म्हातारा तिच्याकडं बघत बसायचा.

आता चालणं ही काय गर्व करायची गोष्ट झाली? सगळं जग चालतं. पण हरणाला तिसऱ्या वर्षी ताप आला, तीन दिवस राहिला आणि जाताना डाव्या पायातला जीव घेऊन गेला. पोटरी सुकली, गुडघा लुळा पडला, पाय वाढीला लागला तो दीड इंच मागंच राहिला. बोरी नदीच्या काठावरची ती वाडी, तिथल्या बायका हळहळत म्हणाल्या, "लिंबाजी, देवानं नेलंच असतं तर सुटली असती बिचारी." लिंबाजीनं त्यांना अशा काही शेलक्या शिव्या हासडल्या, की महिनाभर कुणी त्याच्या दाराकडं फिरकलं नाही.

पोरगी सात वर्षांची झाली आणि त्यानं मनाशी एक हिशेब केला. पोरीला पाय कशासाठी लागतो? शेताला, पाण्याला, ते पुढचं. सगळ्यात आधी लागतो तो पाहुण्यांपुढं चालून दाखवायला. पाहुणे येतात, पोहे खातात, नाव-गाव विचारतात, आणि मग त्यातली एखादी पोक्त बाई सुपारी कातरता कातरता म्हणते, "पोरी, जरा चालून दाखव बरं." पोरगी सतरंजीपासून चुलीच्या खोलीच्या दारापर्यंत जाते आणि परत येते. लिंबाजीनं आपल्या घरात पावलं मोजली. जायची अकरा भरली, यायची अकरा. बावीस पावलांत लेकीचा जन्म तरणार नाहीतर बुडणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

मग काय विचारता! रोज पहाटे माळावर बाप आणि लेक. तिच्या डोक्यावर पाण्यानं भरलेला तांब्या, त्याच्या हातात मेंढरं वळायची काठी. "अंग झोकू नको! नजर म्होरं! डाव्या पायाच्या बोटावर ये, टाच उचललेली कुणाला दिसली न्हाय पायजे!" पोरगी पडायची, तांब्या घरंगळायचा, गुडघे सोलवटून निघायचे. केशरबाई, तिची आई, दारात उभी राहून रडायची. "कशाला कसायावाणी मारताव पोरीला?" लिंबाजी म्हणायचा, "आज म्या मारतोय. उद्या दुसरे मारत्याल, त्यापरीस ह्ये बरं."

अकरा वर्षं हा खेळ चालला. अठराव्या वर्षी हरणा अशी चालू लागली, की कुणी सांगितल्याशिवाय ओळखणार नाही. पण ओळखणार नाही ते साठ पावलांपर्यंत. साठाच्या पुढं गुडघ्यात थरथर सुटायची, हात आपोआप मांडीवर जायचा, आणि मग पाय असा दुमडायचा की पोर जागच्या जागी खाली. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक. साठ पावलं व्हायच्या आत लिंबाजी तिला कुठंतरी बसवायचाच.

सास्तूरकडचं स्थळ आलं. पोहे झाले, सुपारी कातरली गेली, "चालून दाखव" झालं. हरणा बावीस पावलं चालली आणि लग्न ठरलं. पण नांदायला गेल्यावर सासू काय बावीस पावलांवर थांबते? नवव्या दिवशी विहिरीवरून येताना भर वाटेत ती भरल्या घागरीसकट पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडली. तिसऱ्या दिवशी दीर तिला वाडीच्या फाट्यावर सोडून गेला. "लंगडी गाय आमच्या गळ्यात बांधलीसा," एवढंच बोलला. लिंबाजी पंचांपुढं भांडला, खंडोबाची आण घातली, काही उपयोग झाला नाही. आणि तरीसुद्धा, बघा माणसाचं मन कसं असतं, घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "नऊ दिस! नऊ दिस त्यांस्नी पत्त्या लागला न्हाय!" केशरबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

ती केशरबाई आता नव्हती. मेंढरं नव्हती. विहिरीत चिखल, नदीत दगड, आणि आठ दिवसांनी येणाऱ्या टँकरभोवती हंड्यांची मारामारी. रोजगार हमीचं काम निघालं तेव्हा हरणा माती वाहायला गेली. दहा पाट्या टाकल्या आणि अकरावीला पडली. टोळीनं खणलेल्या खड्ड्याची, चौकडीची, माती एकत्र मोजायची, टोळीतल्या बाया म्हणाल्या, "बाई, तुझ्यापायी आमची चौकडी भरंना." त्यांचंही काही चूक नव्हतं. लिंबाजी स्वतः खडीवर बसायचा, पण हातोडा दहादा मारला की छातीत भाता सुरू व्हायचा. साठी ओलांडलेली, खोकल्यात रक्ताचा ठिपका दिसलेला. मरायला तो भीत नव्हता. आपल्यामागं हिला कोण, या एका विचारानं त्याची भाकरी घशाखाली उतरत नव्हती.

अशात एक दिवस गावच्या सोसायटीचा सचिव रेवणसिद्ध सायकल हाणत आला. भला माणूस. त्यानंच दोन वर्षांपूर्वी हरणाचं नाव नोकरीच्या सरकारी कचेरीत घातलं होतं. पोरगी सातवी पास होती, मेंढरांमागं जाता येईना म्हणून शाळेत बसलेली.

"लिंबाजीमामा, तोंड गोड करा," तो म्हणाला. "हरणाबाईला बोलावणं आलंय. मुलींच्या सरकारी वसतिगृहात शिपाईण. घंटा द्यायची, दार राखायचं, रजिस्टर इकडचं तिकडं न्यायचं. आणि ऱ्हायला खोली. जन्माची भाकरी!"

लिंबाजीला खरं वाटेना. "आमच्या पोरीला? एवढी शिकल्याली पोरं बोंबलत हिंडत्यात की."

"ही जागा त्यांना न्हायच. सरकारनं शंभरातल्या तीन जागा अपंगांसाठी राखल्यात. फक्त मोठ्या डॉक्टरांच्या बोर्डाचा दाखला पायजे, अपंग असल्याचा. महिनाअखेरच्या शनिवारच्या आत."

"अपंग कुणाला म्हणतो रं?" लिंबाजी फणकाऱ्यानं उठला. हरणा दारात उभी होती. तिनं बापाकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "आप्पा, बसा खाली. मला म्हणत्यात." म्हातारा बसला. वीस वर्षं जो शब्द उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता, तो त्यानं त्या दिवशी पाण्याबरोबर गिळला.

बोर्ड दर पंधरवड्याला बुधवारी बसायचा. दोघं पहाटेच्या एसटीनं निघाले, तुळजापूरला गाडी बदलली. हरणानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, केसाला तेल लावून अंबाडा घातला होता. सरकारी कामाला जायचं म्हणजे नीटनेटकं नको का? जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात व्हरांडाभर माणसं. कुणी कुबड्यांवर, कुणी बापाच्या पाठीवर, एक तर ढुंगणावर सरकत आलेला. ते बघून लिंबाजीला मनातल्या मनात बरंच वाटलं. आपली पोर यातली नव्हे, असं वाटलं. काय म्हणावं या म्हाताऱ्याला!

खोलीत तीन डॉक्टर, मधला चष्मेवाला बोलत होता. त्यानं टेप लावून पाय मोजला, गुडघा वाकवून बघितला, पोटरी चिमटीत धरली. कागदावर काहीबाही लिहिलं. मग मान वर न करता म्हणाला, "हं. चालून दाखव बाई."

झालं! हरणाच्या कानावर ते शब्द पडले मात्र, तिची पाठ ताठ झाली, नजर समोर गेली, डाव्या पायाची टाच सुबक उचलली गेली. तिनं काही ठरवून केलं नाही. ते शब्द ऐकले की तिचं अंग असंच उभं राहायचं. ती दारापर्यंत गेली आणि परत आली, सरळ, ठाशीव, अंगाला झोका नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला. "अरे वा! पाय बघितला तर वाटलं नव्हतं. फारच छान चालते की ही. कुणी शिकवलं?"

दारात उभ्या लिंबाजीच्या छातीत काय उचंबळून आलं म्हणता! उभ्या जन्मात कुणा शहाण्या माणसानं त्याच्या कामाला छान म्हटलं नव्हतं. "म्या, साहेब!" तो पुढं होऊन म्हणाला. "म्याच शिकवलं. डोक्यावर तांब्या ठिऊन. अकरा वरसं घातली. लग्नात कुणाला वळखू आली न्हाय, इच्यारा तिला!"

"शाबास बाबा," डॉक्टर म्हणाले आणि मनापासून म्हणाले. मग त्यांनी कागदावर आकडा घातला, सही केली.

बाहेर खिडकीशी सोमलिंग नावाचा कारकून शिक्का मारायला बसला होता. त्यानं कागद बघितला आणि जीभ चावली. "तीस टक्के. आजोबा, याचा काही उपयोग नाही. चाळीस लागतात."

"चाळीस? शाळंत तर पस्तिसाला पास करत्यात."

"ही शाळा नव्हे. पूर्वी एक डॉक्टर बघायचा आणि 'अपंग' लिहून द्यायचा, संपलं. लोकांनी मग काय केलं? धडधाकट पोरं लंगडत आणली, दाखले घेतले, नोकऱ्या लाटल्या. म्हणून गेल्या साली दिल्लीवरनं कागद आला. आता टक्के मोजायचे. उभं राहता येतं का, बसता येतं का, चाल कशी, सगळ्याचे टक्के. चाळीसच्या खाली असंल त्याला सरकार अपंग मानत नाही."

"मग काय मानतं?"

"धडधाकट."

"धडधाकट!" लिंबाजी एवढ्या मोठ्यानं ओरडला की रांगेतली माणसं वळली. "मग सास्तूरला यिऊन सांगा की तिच्या सासूला, पोरगी धडधाकट हाय म्हणून! टोळीतल्या बायांस्नी सांगा! सासरला लंगडी, सरकारला धडधाकट, मग माझ्या पोरीनं ऱ्हायाचं कुणीकडं?"

कायदा सोमलिंगनं केला नव्हता. आणि कायदा वाईट होता असंही नाही. लबाडांना दूर ठेवायला केलेला, गरजूचा घास गरजूला मिळावा म्हणून केलेला. पण ज्यानं मरमर मरून आपलं उणं झाकलं, त्याचं काय करायचं हे त्यात कुणी लिहिलं नव्हतं. कारकुनानं एवढंच सांगितलं, की फेरतपासणीचा अर्ज करता येतो. पुढचा बोर्ड दोन आठवड्यांनी, बुधवारी. शनिवार ही शेवटची तारीख. म्हणजे ही एकच संधी.

परतीच्या एसटीत लिंबाजी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचा तेवढा राहिला होता. "म्या बोललो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "बोललो नसतो तर दिलं असतं त्यांनी. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा." हरणा खिडकीतून करपलेली रानं बघत बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाप-लेक पुन्हा माळावर. त्याच्या हातात पुन्हा काठी. फक्त शिकवणी उलटी. "अंग झोक! टाच सोड! लंगड, हरणे, लंगड!" त्याला वाटलं होतं, हे तर सोपं, बांधलेलं दावं सोडलं की झालं. पण अंग काय दावणीचं जनावर आहे? हरणा चार पावलं लंगडायची, पाचव्याला अंग आपोआप सावरून घ्यायचं. मुद्दाम झोका दिला तर तोल जाऊन आपटायची, आणि ते खोटं आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. तीन दिवस झाले, चार झाले. पाचव्या दिवशी लिंबाजीची काठी तिच्या पोटरीवर बसली.

हरणानं ती काठी धरली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा धरली.

"लंगडू नको म्हणून मारलंसा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "अकरा वरसं मारलंसा. आता लंगड म्हणून मारताव? माझा पाय हाय का तुमच्या घरचं मेंढरू, आज हिकडं वळवा, उद्या तिकडं? मला आता माझं चालणं कंचं त्येच ठावं न्हाय, आप्पा! कंचं खरं, कंचं खोटं, तुमीच सांगा!"

लिंबाजी काठी टाकून तिथंच धोंड्यावर बसला. हुंदका आला तो खोकल्यात गेला, आणि खोकला थांबला तेव्हा धोतराच्या सोग्यावर ठिपका नव्हता, चांगला रुपयाएवढा डाग होता. हरणानं तो बघितला.

त्या दुपारी एक अभद्र गोष्ट झाली. झाकून ठेवण्यात अर्थ नाही, सांगतो. उन्हानं माळ पेटला होता. हरणा रिकाम्या वाड्याच्या कुडाच्या सावलीत, जिथं पूर्वी मेंढरं कोंडायची तिथं, झोपली होती. लिंबाजीनं आयुष्यभर मेंढरांचे मोडलेले पाय बांधले होते. हाड कुठं मारलं की मोडतं आणि कसं बसतं, त्याला डोळे मिटून ठाऊक. त्यानं दोन्ही हातांत मावेल एवढा धोंडा उचलला आणि लेकीच्या डाव्या पायाशी उभा राहिला. एक घाव. दहा टक्के. मग खोली, पगार, जन्माची भाकरी. त्याचे हात वर गेले.

हरणाचे डोळे उघडे होते. कधीपासून, कोण जाणे. ती हलली नाही. "मारा," ती म्हणाली. "तुमचाच पाय हाय त्यो."

धोंडा त्याच्या हातातून मागं पडला. तो गुडघ्यांवर बसला आणि लेकीचा तो सुकला पाय छातीशी धरून लहान पोरासारखा रडला. असलं रडणं त्यानं केशरबाईच्या मातीलाही केलं नव्हतं. बऱ्याच वेळानं हरणा उठून बसली आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं. "जाऊ बुधवारी," ती म्हणाली. "म्या लंगडंन. जमंल तसं लंगडंन."

बुधवार आला. तीच खोली, तेच तीन डॉक्टर. पण या खेपेला मधल्याच्या पुढ्यात हरणाचा जुना कागद होता. "चालून दाखव," ते म्हणाले. हरणानं दात आवळले आणि अंग झोकलं. तीन पावलं लंगडी, दोन सरळ, पुन्हा एक लंगडी. बघवत नव्हतं.

डॉक्टरांचा चेहरा कडू झाला. "बाई, मागच्या खेपेला तू कशी चालत होतीस, माझ्या हातानं लिहिलंय मी. आज हे काय आहे? आम्हाला वेड्यात काढता?"

लिंबाजी आत धावला आणि त्यांच्या टेबलाला त्यानं डोकं टेकलं. "न्हाय साहेब! आधीचं नाटक व्हतं. ह्ये... ह्येबी नाटक हाय. पर पाय खरा हाय, साहेब! म्या तिला साठ पावलं शिकवली. साठच. पाव्हण्यांस्नी फसवाया. त्याच्या म्होरं ती पडती. तुमची खोली लई लहान हाय, साहेब. तिला भाईर चालवा. चालवून बगा, तुमच्या पाया पडतो!"

आपल्या आयुष्याची कमाई खोटी होती, हे त्यानं असं चारचौघांत कबूल केलं. माणूस दुष्ट नव्हता. बाहेर साठ जणांची रांग होती, तरी तो उठला. "चला. बाहेरच्या पटांगणात. व्हरांड्यापासून फाटकापर्यंत आणि परत, तीन फेऱ्या. बाई, लंगडू नकोस, सरळही चालू नकोस. जशी चालतेस तशी चाल. नाटक दिसलं तर इथंच संपलं."

हरणा बापाजवळून जाताना हळूच म्हणाली, "आप्पा, आता पाय न्हील तशी जाईन."

ऊन मी म्हणत होतं. हरणा निघाली. रांगेतली माणसं बघत होती. कुबडीवाली एक बाई शेजारणीला म्हणाली, "ही गं कशाला आली हितं? आमच्या पोटावर पाय द्याया?" ते हरणाच्या कानावर पडलं असणार. तिची मान ताठ झाली. चाळीस पावलं फाटकापर्यंत, चाळीस परत. साठ झाली. सत्तर, ऐंशी. ती पडली नाही.

दुसरी फेरी. असं आजवर कधी झालं नव्हतं. अंगातली सगळी जिद्द, सगळा संताप त्या एका पायात उतरला होता की काय, कोण जाणे. घामानं चोळी भिजली, ओठ पांढरे पडले, पण चाल सरळ. ज्या बापानं जन्मभर "पडू नको" म्हणून घसा कोरडा केला, तो व्हरांड्याचा खांब धरून मनात म्हणत होता, पड गं माझ्या वाघिणी. पड. खंडोबा, पाड तिला. असा नवस कुणा बापानं केला असंल का?

तिसरी फेरी सुरू झाली. ती फाटकाला पोचली, वळली, आणि लिंबाजीला दिसलं. डाव्या गुडघ्यात थरथर. हात मांडीकडं निघालेला. जगात ती खूण ओळखणारा तो एकटाच उरला होता. अजून दहा पावलं, फार तर बारा. त्यानं आनंदानं डॉक्टरांकडं बघितलं, तर डॉक्टर घड्याळ बघत होते. "पुरे," ते कागद धरून शेजारी उभ्या सोमलिंगला म्हणाले. "दोनशे पावलं झाली. उगाच उन्हात कशाला दमवायची?" आणि ते वळले. त्यांची पाठ झाली. खोलीच्या दारात त्यांचं पाऊल पडलं.

आता नाही बघितलं तर कधीच नाही. विचार करायला वेळच नव्हता. माळावर वाट चुकल्या मेंढीला हाक घालावी तसा बेंबीच्या देठापासून आवाज निघाला.

"हरणेऽऽ पड! पड की गं!"

डॉक्टर गर्रकन वळले. सगळं पटांगण वळलं. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हरणाचा पाय दुमडला आणि ती धाडकन तोंडावर पडली.

मग रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसणं व्हरांडाभर पसरलं. "बापानं सांगितलं आन पडली बघ." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी लिंबाजीकडं नुसतं बघितलं, तसं बघण्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. सोमलिंगच्या हातातला कागद घेऊन त्यांनी उभ्या उभ्या दोन ओळी खरडल्या, सही केली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

लिंबाजी धावत पटांगणात गेला. हरणाचे दोन्ही तळवे सोलले होते, हनुवटी फुटून हिरव्या लुगड्यावर रक्त गळत होतं, आणि डावा पाय अंगाखाली दुमडलेला तसाच थरथरत होता. म्हाताऱ्यानं तिला उचलायला हात घातले, पण तिनं ते बाजूला केले. तिनं मान वर करून बापाकडं बघितलं. राग नव्हता त्या नजरेत.

"आप्पा," ती म्हणाली, "म्या पडतच व्हते की वो."